समास

देब्रेत्सेनच्या संस्थेत, तळघरात, गरम पाण्याच्या नळ्यांखाली
अकराशे चाळीस फॉर्म पडून आहेत.
त्यांचे आकडे मीच भरले होते, शहाण्णवच्या हिवाळ्यात,
बोटं उघडी राहतील असे लोकरी हातमोजे घालून.

प्रश्न सत्ताविसावा:
तुमच्या शेजारी रोमा कुटुंब राहायला आलं, तर?
हरकत नाही म्हणजे एक.
हरकत आहे म्हणजे दोन.
गप्प बसले तर नव्याण्णव.

हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही,
एकेचाळीस गावं, आणि कुणाचीच कशाला हरकत नाही.
माझ्या कीबोर्डावरचा एक घासून पांढरा पडला.

एतेल्का तिसाकाठची गावं करून आली.
उसनी सायकल, रबरी बूट, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र.
तिच्या फॉर्मांच्या समासात पेन्सिलीचं बारीक अक्षर:

बाई हरकत नाही म्हणाल्या. मग माझं आडनाव विचारलं.
मी प्यालेला कप सोड्यानं दोनदा घासला
आणि कपाटात न ठेवता खिडकीबाहेर ठेवला.

शाळेला दोन दारं. मागच्या दाराची मधली सुट्टी वेगळी.
मुख्याध्यापक म्हणाले, सोय आहे, दुसरं काही नाही.

म्हातारा हसला. हरकत कसली, येऊ देतंय कोण?

पाऊस. हे घर आमच्यातलंच निघालं.
त्यांनीही सांगितलं, लिहा, हरकत नाही.

मी गठ्ठा घेऊन वर गेले.
प्राध्यापक केरेकेश भला माणूस.
आमच्यापैकी कुणाच्या आईला कुठलं दुखणं, त्यांना पाठ.
चष्मा पुसून त्यांनी एकेक समास वाचला, घाई न करता,
आणि म्हणाले, खरं आहे गं.
पण समासाला रकाना नसतो.
शिवाय ही मुलगी त्यांच्यातलीच.
तिला दुखतं, म्हणून तिला दिसतं.

ज्यांना दुखत नाही त्यांना काय दिसतं,
हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

खोटं. सुचलं होतं.
माझं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं.

अहवाल आला. निळं कव्हर, जाड कागद,
सहिष्णुता एक्क्याण्णव टक्के.
परिषदेत एकानं हात वर केला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला,
पण त्याला नमुना कसा निवडला तेवढंच हवं होतं.
त्यावर पाऊण तास चांगलं कडाक्याचं भांडण झालं,
आणि मग सगळे जेवायला गेले.
एतेल्का त्यानंतर संस्थेत आली नाही.
मिश्कोल्त्समध्ये कुठल्याशा बेकरीत दिसली, असं कुणी म्हणालं.

आता निवृत्तीआधी हे सारं स्कॅन करायचं माझ्याकडे आलंय.
यंत्र शहाणं आहे, कागदाच्या कडा आपणहून छाटतं.
ते बंद करायचं बटण तीन पडदे खाली सापडतं.
मी बंद केलंय.
फार काही केलं असं नव्हे. फाइली जड होतील, तक्रार येईल.

काल तिच्या एका फॉर्मवर गोल डाग दिसला,
चहाचा, पण कपाचा नाही, कपाहून लहान.
बराच वेळ काच वर धरून बसले, तेव्हा आठवलं,
थर्मासचं झाकण.
तिचा स्वतःचा थर्मास असायचा, हिरवा, पोचे आलेला.
त्याच्या झाकणातून ती प्यायची, खिडकीपाशी उभी राहून.
नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.
घे असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर किटलीशेजारी लाकडी फळी होती,
फळीला दहा आकडे.
नवांना कप, प्रत्येकावर नाव रंगवलेलं,
माझं लाल अक्षरांत.
दहाव्या आकड्याला फडकं वाळत असायचं.